बर्फाळ ग्रहावरची नाचणी

"हे खरं आहे?" विज्ञान केंद्राच्या मॅडमनी विचारलं.

त्या कमरेत वाकून अॅक्रिलिकच्या घुमटात बघत होत्या. घुमटाखाली आम्ही बनवलेला बर्फाळ ग्रह होता. 'ताऱ्यापासून फार लांब, गोठलेला, निर्जीव' असं शेजारच्या बोर्डावर आम्हीच ठळक अक्षरांत छापलं होतं. आणि त्या बर्फातून बोटभर उंचीचं, कोवळं, हिरवंगार गवत वर आलं होतं.

"म्हणजे त्याचं असं आहे मॅडम," आमचे मालक नाईकसाहेब म्हणाले. त्याचं कसं आहे ते काही त्यांना सुचलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मधल्या ग्रहाकडे बघत होते. तो आमचा राहण्याजोगा ग्रह, अख्ख्या एक्झिबिटचा हिरो. त्याच्यावरचं गवत पिवळं पडून आडवं झालं होतं.

मी एक्झिबिट डिझायनर आहे. विज्ञान केंद्रात मुलं जी बटणं दाबतात, चाकं फिरवतात, ती यंत्रं आणि मॉडेलं आम्ही बनवतो. माझी आई सावंतवाडीला शेजाऱ्यांना सांगते, पोरीने फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि आता प्लायवूड मोजते. तिचं काही चुकत नाही. वसई पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. अर्ध्या गाळ्यात वेल्डिंग आणि सुतारकाम, उरलेला अर्धा रंग आणि मॉडेलांचा. तो अर्धा इनासकाकांचा.

इनासकाका आगाशीजवळ वटारला राहतात. वाडी आहे, केळी आहेत, थोडी फुलं आहेत. ते सगळं आता मुलगा बघतो. काकांचा जीव लहानपणापासून गोठ्यात. गोठा म्हणजे नाताळात येशूजन्माचा देखावा मांडतात तो. गोणपाट, माती आणि पुठ्ठा एवढ्यातून काका असे डोंगर उभे करायचे की बघणारा पायवाट शोधायला लागायचा. नाईकसाहेबांनी त्यांचा असाच एक गोठा बघितला आणि त्यांना कामावर आणलं. मी आले तेव्हा काका इथे मुरलेले होते. फायबरवर दगडाचा रंग कसा चढवायचा हे मला त्यांनीच शिकवलं. "आधी काळा मार बाय, मग उजेड आण," असं म्हणायचे. आता मी नव्या लोकांना हेच सांगते, आणि सांगताना आवाजही त्यांचाच काढते.

तर हे एक्झिबिट. ग्रह राहण्याजोगा कशामुळे होतो, असा विषय होता. एका लांब टेबलाच्या टोकाला मोठा हॅलोजन दिवा, हा तारा. त्याच्यापासून वाढत्या अंतरावर तीन ट्रे, हे तीन ग्रह. तारा म्हणजे शेकोटी धरा. अगदी जवळ बसलं की भाजतं, फार लांब बसलं की कुडकुडायला होतं, आणि मध्ये कुठेतरी बरं वाटतं. ग्रहांच्या बाबतीत बरं वाटणं म्हणजे पाणी पातळ राहणं. वाफ होऊन उडून जायचं नाही आणि गोठून दगडही व्हायचं नाही. ज्या अंतरात हे जमू शकतं त्या पट्ट्याला शास्त्रज्ञ राहण्याजोगा पट्टा म्हणतात. मुलांनी तिन्ही ट्रेवर तळहात धरायचा आणि ऊब कशी कमी होत जाते ते अनुभवायचं. जवळचा ग्रह भाजलेला, लांबचा बर्फाळ, मधला हिरवा. लांबच्या ट्रेवर बर्फासाठी कापूस होता. मुलं कापूस उपटतात म्हणून त्याच्यावर घुमट. मधला उघडा, म्हणजे गवताला हात लावता येईल. मला हे डिझाइन फार आवडलं होतं. त्याला कारण होतं. ते माझं होतं.

ड्रॉइंगमध्ये मधल्या ट्रेवर नायलॉनचं गवत लिहिलेलं होतं. त्याचे बारीक झुबके येतात. चिमट्याने एकेक झुबका उचलायचा, गोंदात बुडवायचा आणि भोकात रोवायचा. किचकट काम आहे, पण काका ते रेडिओ ऐकत करायचे.

माल पाठवण्याआधी आम्ही एक्झिबिट काही दिवस सलग चालू ठेवतो. जे बिघडायचं ते आमच्याकडेच बिघडलेलं बरं. या चाचणीच्या दिवसांत मी दुसऱ्या साइटवर होते. इलेक्ट्रिशियन रोज येऊन मीटर बघून जायचा, त्याला गवताशी काही देणंघेणं नव्हतं. मी परत आले त्याच सकाळी मॅडम ठरल्याच्या आदल्या दिवशीच हजर झाल्या. आमची सगळ्यांची गवताशी पहिली भेट त्यांच्यासमोर झाली.

"काका," साहेबांनी हाक मारली. "हे काय आहे?"

काका रंगाच्या डब्यांमागून आले. अंगात नेहमीचा एप्रन, दोन्ही हात एप्रनच्या खिशात.

"नाचणी आहे साहेब."

"नाचणी?"

"गोठ्यात पेरतो ना आम्ही, नाताळाच्या आधी. गवत दिसायला."

"गोठा करतोय का आपण?" साहेबांचा आवाज चढला. "ड्रॉइंगमध्ये काय लिहिलंय? नायलॉन. तुम्हाला ड्रॉइंग वाचायला मी आज शिकवू का? आणि पेरली ती पेरली, हिरव्या ग्रहावर मेली आणि बर्फावर उगवली. मॅडम काय समजतील आपल्याला?"

काका काही बोलले नाहीत. हे मला खटकलं. काका साहेबांचं ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. रंगाच्या शेडवरून दोघांची खडाजंगी झाली की सुतार मशीन बंद करून ऐकत बसायचे. आज ते खाली मान घालून उभे होते, आणि हात काही खिशातून बाहेर काढत नव्हते.

मॅडम म्हणाल्या, "मला जरा बघू दे शांतपणे." साहेबांनी त्यांना जेवायचा आग्रह केला आणि केबिनमध्ये नेलं. जाताना मला हळूच म्हणाले, "काकांचं वय झालं आता. हे काम संपलं की त्यांना सांगायला पाहिजे, घरी आराम करा म्हणून. तूच सांग, तुझं ऐकतात ते."

मी काकांच्या कोपऱ्यात गेले. ते स्टुलावर बसले होते. जेवणाचा डबा उघडलेला नव्हता. टेबलाखाली नायलॉनच्या झुबक्यांचं पाकीट होतं, फोडलेलं. शेजारी फायबरचा एक तुकडा पडला होता. त्यावर काही झुबके लावलेले होते. एक तिरका, एक उलटा, बाकी सगळीकडे गोंदाचे डाग. आधी मला वाटलं कुणा शिकाऊ पोराने केलंय. मग आठवलं की आमच्याकडे शिकाऊ कुणी नाही.

"काका, हात दाखवा."

त्यांनी उजवा हात खिशातून काढून गुडघ्यावर ठेवला. हात थरथरत होता. थंडी वाजल्यासारखा नाही, एका लयीत, थांबतच नव्हता. त्यांनी डावा हात त्याच्यावर दाबून धरला.

"ईस्टरपासून," ते म्हणाले. "आधी बोटच होतं. डॉक्टरने गोळ्या दिल्यात. म्हणतो, जाणार नाही, पण हळूहळू वाढेल. ब्रश मोठा असला की चालून जातं बाय. डोंगर रंगवतो मी अजून, तू बघितलेस की. पण चिमटा धरला की संपलं. तीन दिवस बसलो त्या झुबक्यांशी. मग घरी गोठ्यासाठी नाचणी भिजत घातली होती तीच थोडी आणली. म्हटलं, पेरायला चिमटा कशाला लागतो?"

"आणि बर्फावर कशी गेली?"

"थाळी कलंडली. कापसावर खळ मारून ठेवली होती, ओला होता. दाणे पडले ते वेचता येईनात. म्हटलं, बर्फाखाली कोण बघतंय, आणि वर झाकण ठेवून दिलं. मधल्याला मी रोज पाणी घालायचो, तो दिवा दुपारपर्यंत सगळं पिऊन टाकायचा. आणि इकडे न विचारताच हे वर आलं. काल बघितलं मी." ते थांबले. "काढून टाकायला गेलो होतो. पण इतकं छान आलं होतं. हात होईना."

मला रडू आलं. गाळ्यात फायबरची धूळ असते, तिच्यावर ढकलून मी डोळे पुसले. या माणसाच्या हातांवर माझा इतका भरवसा होता की गेले कित्येक महिने मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. फक्त त्यातून निघालेलं काम बघत होते.

"साहेबांना सांगू नकोस," काका म्हणाले. "ते वाईट नाहीत. पण लगेच म्हणतील, काका, आराम करा. आराम करून मी काय करू? घरी बायको माझ्याकडे बघत बसते. इथे निदान कुणी बघत नाही."

साहेब तेच म्हणायला बसले होते, आणि ते सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं, हे मी त्यांना कसं सांगणार? डबा खा, एवढंच म्हणून उठले.

मॅडम जेवण आटोपून पुन्हा टेबलाशी येऊन उभ्या होत्या. घुमटाच्या आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब जमले होते, त्यांवर बोट फिरवत होत्या. त्या खगोलशास्त्र शिकलेल्या आहेत. मला उगाच वाटायचं की त्या फक्त तक्रारी करायला शिकल्यात.

"मॅडम, बोर्ड चुकीचा आहे," मी म्हणाले.

"चुकीचा नाही. अर्धा आहे. मी तेच बघतेय." त्यांनी नजर न वळवता विचारलं, "चंद्र सूर्यापासून किती लांब आहे?"

"आपल्याइतकाच, जवळपास."

"म्हणजे राहण्याजोग्या पट्ट्यात. आणि तिथे काय उगवतं?"

"काही नाही. हवा नाही."

नाईकसाहेब आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होते. मॅडमनी त्यांना समजावून सांगितलं, आणि मी इथे त्यांच्याच शब्दांत देते, कारण माझ्या बोर्डापेक्षा ते सोपं होतं. अंतर ही पहिली गोष्ट, शेवटची नव्हे. ग्रहाला अंगावर काहीतरी पांघरूण लागतं. हवेचं. ते ऊब धरून ठेवतं आणि पाण्याला उडून जाऊ देत नाही. मंगळावर एके काळी पाणी वाहत होतं. पण तो लहान, त्याच्याच्याने हवा धरून ठेववली नाही, पांघरूण विरत गेलं आणि तो वाळला. शुक्राचं उलटं. त्याचं पांघरूण इतकं जाड की आतल्या आत शिजून निघाला. पांघरूण असावं, पण बेताचं. ते कोट्यवधी वर्षं बेताचंच राहावं. पृथ्वीला हे जमलं.

"तुमच्या मधल्या ट्रेला अंतर बरोबर होतं, पण अंगावर काही नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "लांबच्याला घुमट होता. ओल आत राहिली."

"म्हणजे चूक नाही?" साहेबांनी आशेने विचारलं.

"चूक आहेच. तुमचा बर्फाळ ग्रह गोठलेलाही नाही, वसईच्या डिसेंबरमध्ये आहे. त्याच्याशेजारी तुम्ही पंखा लावून बसलाय. त्यामुळे बर्फावर जीव उगवतो असं मी मुलांना सांगणार नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मला एकाच अंतरावर दोन ट्रे द्या. दिवा तोच, दाणे तेच, पाणी तेवढंच. एकावर घुमट, एक उघडा. पृथ्वी आणि चंद्र. बाकी मुलांना काही सांगायला लागणार नाही."

हे मला सुचायला हवं होतं. नाही सुचलं. मी लगेच कागद ओढून स्केच काढायला बसले.

"पण एक अडचण आहे," मॅडम म्हणाल्या. "जिवंत एक्झिबिट म्हणजे रोजची डोकेदुखी. नाचणी वाढेल, लोळेल, मरेल. उघडा ट्रे तर वाळणारच. सारखे नवे पेरलेले ट्रे लागतील. आमच्याकडे ते कोण करणार? आणि पेरणी एकसारखी झाली नाही तर मुलं म्हणणार, इकडे दाणे जास्त होते म्हणून उगवलं. नायलॉनचं गवत मरत तरी नाही."

"आम्ही देऊ की ट्रे," साहेब म्हणाले. साहेब धंदा सोडत नाहीत. "काका, मॅडमना पेरून दाखवा जरा. मॅडमना बघू दे कसं करता."

काका हललेच नाहीत. हात पुन्हा खिशात गेले होते. मी पटकन म्हणाले, "मी दाखवते ना. सोपं आहे." नाचणी मी जन्मात पेरलेली नाही. आमच्याकडे ती भाकरीसाठी दळून आणतात.

"नको बाय," काका म्हणाले. "पेरतो मी."

ते टेबलाशी आले. मी रिकाम्या ट्रेमध्ये ओली माती पसरून दिली. नाचणीची थाळी त्यांनी टेबलावरच राहू दिली, उचलली नाही. उजव्या हाताची मूठ भरली आणि ट्रेवर धरली. गाळ्यात सगळ्यांना दिसेल असा तो हात थरथरत होता. सुताराने मशीन बंद केलं. साहेबांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मला बघवेना, म्हणून मी ट्रेकडे बघत राहिले.

काकांनी मूठ थोडी सैल सोडली आणि हात ट्रेवरून सावकाश फिरवला. दाणे गळत होते. कुठे ढीग नाही, कुठे मोकळं नाही. आपण पेरतो तेव्हा मुठीतून दाणे भसकन पडतात आणि मग बोटांनी सारखे करावे लागतात. इथे हात स्वतःच चाळत होता. नाचणीचे ते लालसर बारीक दाणे मातीवर बसले ते कुणी छापल्यासारखे. काकांनी मूठ उघडून रिकामी दाखवली आणि हात मागे घेतला. खिशात घातला नाही.

मॅडम ट्रेवर वाकल्या. "किती एकसारखं आहे," त्या म्हणाल्या. त्यांना काकांबद्दल काही माहीत नव्हतं. त्या फक्त पेरणीबद्दल बोलत होत्या, आणि म्हणूनच ते ऐकायला इतकं बरं वाटलं. "हे असंच मिळणार असेल तर मला चालेल. पण हातच बदलले तर नको."

"नाही बदलणार," साहेब म्हणाले.

मॅडमची गाडी इस्टेटच्या गेटबाहेर गेली. साहेब काकांच्या कोपऱ्यात जाऊन एका रंगाच्या ड्रमवर बसले. इस्त्रीच्या पँटसकट. मी ब्रश धुण्याचं निमित्त करून जवळच थांबले.

"कधीपासून?"

"ईस्टरपासून."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही आराम करा म्हणाला असता."

"म्हणालो असतो," साहेब म्हणाले. "सकाळी म्हणालोच होतो हिला."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी ब्रश जोरात धुवायला लागले.

"मग आता?" काकांनी विचारलं.

"आता कसा म्हणू? मॅडमना ट्रे पाहिजेत." साहेब उठले. पँटला पाठीमागे निळा डाग लागला होता, आमच्यापैकी कुणी सांगितलं नाही. "झुबके तिला लावू दे. तरणीताठी आहे, बसेल."

तेव्हापासून झुबके मी लावते. पहिले कित्येक तिरके गेले.

एक्झिबिट चालू आहे. ट्रे काका वटारला घरीच पेरतात. त्यांच्या बायकोलाही त्यात रस आला आहे. ती आता नवऱ्याकडे बघत बसण्याऐवजी ट्रेकडे बघत बसते, असं काका म्हणतात. आमचा टेम्पो जाता येता ट्रे उचलतो. विज्ञान केंद्रात मुलं आधी उघड्या ट्रेशी थांबतात, वाळकी माती बोटाने टोचून बघतात, मग घुमटाला नाक लावतात. समजावून सांगायला तिथे कुणी उभं नसतं. मॅडम म्हणाल्या तसं लागतही नाही. काका आठवड्यातले काही दिवस गाळ्यात येतात आणि मोठ्या ब्रशने डोंगर रंगवतात. गोळ्या चालू आहेत. हाताची थरथर थोडी वाढलीय. पुढे काय होणार ते डॉक्टरने सांगितलेलं आहे, आणि आम्ही ते उगाच रोज काढत नाही.

कधीमधी शाळांतून मला बोलायला बोलावतात. ग्रह राहण्याजोगा कशामुळे होतो, हा प्रश्न हमखास येतो. मी अंतर सांगते, पाणी सांगते, हवेचं पांघरूण सांगते, मग मंगळाची आणि शुक्राची गोष्ट सांगते. एवढ्यात तास संपतो.

गेल्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की आमचा चहावाला सगळ्यांचे ग्लास काठोकाठ भरतो आणि काकांचा अर्धाच. मी त्याला झापलं. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला अर्धा चहा देतोस, लाज नाही वाटत? तो म्हणाला, "नाईकसाहेबांनी सांगितलंय ताई. काकांचा अर्धा भरायचा, म्हणजे सांडत नाही. आणि त्यांच्याकडे दोनदा यायचं."

आमच्या धंद्यात ड्रॉइंगवर सगळी मापं लिहिलेली असतात. हे माप कुठल्याच ड्रॉइंगवर नाही.